अव्होकाडोचे कलम आणि फळातील सत्त्व



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील एक शेतकरी बंधू रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्याकडे आले. हातात पिशवीतले एक रोप होते. म्हणाले, "फादर, हे अव्होकाडोचे कलम. अशी चाळीस घेतली आहेत. जामाची जुनी झाडे काढून तेथे लावावी म्हणतो." आम्ही रोप उजेडात धरून पाहिले. खोडावर कोठे सांधा नाही, व्रण नाही. माती थोडी बाजूला सारली तर बुंध्याशी दुभंगलेली बी अजून चिकटलेली. ते कलम नव्हते, बियांचे रोप होते. कलमाच्या भावाने दिलेला पैसा गेलाच. पण जामाची झाडे तोडली गेली नव्हती, एवढे नशीब.

असा प्रसंग आणखी कोणावर येऊ नये म्हणून या वेळी शेती व आरोग्याच्या पानावर आपण तीन गोष्टी पाहू: कलम कशासाठी करतात, आपल्या माळव्याच्या मातीत हे झाड कसे वागते, आणि फळात खरोखर काय असते.

1. फळाची ओळख

अव्होकाडो हे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे झाड. दालचिनी आणि तमालपत्र ज्या कुळातले, त्याच कुळातले हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते श्रीलंकेमार्गे आपल्या देशात आले आणि कूर्ग, वायनाड, निलगिरी, कोडाईकनाल अशा डोंगराळ, दमट भागांत रुजले. दक्षिणेत त्याला बटर फ्रूट म्हणतात, कारण गर लोण्यासारखा मऊ असतो. त्याला गोडी जवळजवळ नसते. आंबा समजून जो पहिला घास घेतो, त्याचा हिरमोड होतो.

या झाडाचे तीन वंश आहेत: मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. मेक्सिकन वंश थंडी सर्वांत जास्त सोसतो व त्याच्या फळात तेल जास्त असते. वेस्ट इंडियन वंशाला उष्ण व दमट हवा मानवते, त्याच्या फळात तेल कमी असते, पण खारट व चुनखडीच्या जमिनीत त्याची मुळे इतरांपेक्षा बरी टिकतात. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

2. कलम कशासाठी?

अव्होकाडोच्या फुलाची रीत विचित्र आहे. एकच फूल दोन दिवस उमलते, एकदा मादी म्हणून आणि एकदा नर म्हणून. 'अ' गटातील झाडाचे फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी असते व दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर. 'ब' गटात पहिल्या दिवशी दुपारनंतर मादी व दुसऱ्या दिवशी सकाळी नर. त्यामुळे परागकण बहुधा दुसऱ्या झाडाकडून येतात आणि बीमध्ये दोन झाडांचे गुण मिसळतात. गोड आंब्याची कोय लावली म्हणजे तोच आंबा मिळेल असे नाही, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. येथेही तसेच. शिवाय बियांच्या झाडाला फळ धरण्यास पाच ते आठ वर्षे, कधी त्याहूनही जास्त लागतात. कलमाला साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने 1926 च्या सुमारास बियांची काही रोपे लावली. एका रोपावर त्याला तेव्हाच्या नामांकित जातीचे कलम बांधायचे होते. ते काही धरेना. शेवटी ते झाड तसेच राहू दिले. त्याला आले ते खडबडीत सालीचे, पिकल्यावर काळे पडणारे, पण चवीला उत्तम असे फळ. 1935 मध्ये हासने या जातीचे पेटंट घेतले. आज जगाच्या बाजारात सर्वांत जास्त खपणारी 'हास' जात ती हीच. तिचे प्रत्येक झाड त्या एका झाडाच्या काडीवरून, कलमावर कलम होत आलेले आहे. मूळ झाड मात्र 2002 मध्ये मुळे कुजण्याच्या रोगाने गेले. झाड मेले, पण काडीतून जात जगली. कलमाचा सारा अर्थ यात आला.

3. कलम बांधण्याची रीत

खुंट: पूर्ण पिकलेल्या, झाडावरून काढलेल्या फळाची ताजी बी घ्यावी. जमिनीवर पडलेले फळ घेऊ नये, त्यात मातीतील बुरशी असण्याचा संभव असतो. बी दोन-तीन आठवड्यांत निकामी होऊ लागते, म्हणून साठवू नये. बी सुमारे 50 अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात 30 मिनिटे ठेवल्यास मूळकुजीच्या बुरशीचा बंदोबस्त होतो. पाणी याहून कढत झाल्यास बी मरते, म्हणून थर्मामीटर वापरावे. वरची तपकिरी साल काढून, रुंद बाजू खाली व टोक वर ठेवून बी पिशवीत लावावी. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे खुंट तयार.

काडी: नेमाने फळणाऱ्या, निरोगी झाडाच्या शेंड्याची, डोळे फुगू लागलेली काडी निवडावी. आठ-दहा दिवस आधी तिची पाने कापावी, देठ तसेच ठेवावे. देठ आपोआप गळू लागले की काडी तयार समजावी.

बांधणी: खुंट जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा कापावा व मधोमध दीड इंच खाच द्यावी. काडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून तेवढीच पाचर करावी व खाचेत बसवावी. सालीच्या आत हिरवा, ओलसर थर असतो. सगळे जीवन त्या थरात आहे. खुंटाचा व काडीचा हा थर निदान एका बाजूला तरी तंतोतंत जुळलाच पाहिजे. काडी बारीक असल्यास ती मध्ये न ठेवता एका कडेला सरकवावी. मग प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर लहान पिशवीची टोपी घालावी आणि रोप सावलीत ठेवावे. साधारण महिना-दीड महिन्यात डोळे फुटतात. सांध्याखालून फुटणारे कोंब दिसताच खुडावे, नाही तर खुंटच माजतो आणि काडी उपाशी मरते.

आपल्याकडे थंडी ओसरल्यावर आणि लू सुटण्यापूर्वी हे काम करावे. चाकू धारदार व स्वच्छ हवा. कामाच्या मध्ये पात्याला हात लावू नये.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, 11 व्या अध्यायात, जैतुनाच्या कलमाचा दृष्टांत दिला आहे. माळी चांगली काडी रानटी खुंटावर बांधतो. पौल उलट सांगतो: रानटी फांदी चांगल्या झाडाला जोडली गेली. हे निसर्गक्रमाच्या उलट आहे, असे तो स्वतःच म्हणतो. ज्याने स्वतःच्या हाताने कलम बांधले आहे, त्याला त्या अध्यायातील कृपेचा अर्थ लवकर उमगेल.

4. माळव्याची काळी माती

आता अडचणीची बाजू. अव्होकाडोची मुळे उथळ असतात, बहुतेक वरच्या दोन फुटांत पसरतात, आणि त्यांना हवा लागते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. पाणी साचले की मूळकुजीची बुरशी फोफावते. हासचे मूळ झाड ज्या रोगाने गेले तो हाच. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि उथळ मुळे तुटतात. वर मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे, आणि एखाद्या जानेवारीत दहिवर गोठण्याची भीती. आमच्या आवारात आम्ही स्वतः एक रोप सपाट जमिनीत लावले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात पाने पिवळी पडून ते वाळले. दोष झाडाचा नव्हता, जागा निवडणाऱ्याचा होता.

काळ्या मातीत चुनाही बराच असतो. अशा जमिनीत लोह व जस्त असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. येथे खुंटाचे महत्त्व कळते. मातीतून काय वर चढेल ते बऱ्याच अंशी खुंट ठरवतो. म्हणून रोप घेताना कोणती जात आहे एवढेच विचारू नये, खुंट कोणता आहे तेही विचारावे.

तरीही ज्यांना हौस आहे त्यांनी दोन फूट उंच, रुंद मातीचा ढीग करून त्यावर झाड लावावे. ढिगात भरपूर कंपोस्ट घालावे. कंपोस्टसाठी आपल्याला दूर जावयास नको. 1924 मध्ये याच इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. तेथे सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ते ठरावीक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1931 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. आपल्या गावाच्या नावाची ही रीत आपल्याच उकिरड्यावर दिसू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे आच्छादन ठेवावे, पण ते खोडाला भिडवू नये. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली करावी व खोडाला चुना लावावा.

5. फळातील सत्त्व

अव्होकाडोच्या 100 ग्रॅम गरात साधारण 160 कॅलरी, 15 ग्रॅम स्निग्धांश, 2 ग्रॅम प्रथिने, 7 ग्रॅम तंतू, 485 मिलिग्रॅम पोटॅशियम व 80 मायक्रोग्रॅम फोलेट असते. साखर एक ग्रॅमहूनही कमी. स्निग्धांशाचा मोठा भाग ऑलिव्ह तेलात असतो त्याच प्रकारचा, हृदयाला मानवणारा असतो. फळ खरोखर चांगले आहे.

पण शेजारी आपला जाम ठेवून पाहा. त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 228 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, अव्होकाडोत फक्त 10. तंतू 5 ग्रॅमहून अधिक आणि पोटॅशियम 400 मिलिग्रॅमच्या वर. आता मूठभर शेंगदाणे घ्या. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम प्रथिने असतात, आणि फोलेट अव्होकाडोच्या तिप्पट. गरोदर बहिणींना फोलेट लागते म्हणून महागडे फळ आणण्याची सक्ती नाही. शेंगदाणे, पालक व डाळी तेच काम करतात.

कलमाने फळातील सत्त्व वाढते का, असे पुष्कळजण विचारतात. फळाचा जातीगुण काडी ठरवते. तेलाचे प्रमाण जातीवर आणि फळ किती दिवस झाडावर राहिले यावर अवलंबून असते. हे फळ झाडावर पिकत नाही, पण तेथे असेपर्यंत त्यात तेल भरत जाते. काढल्यावर ते साधारण आठवड्याभरात मऊ होते. कोवळे काढल्यास रबरासारखे राहते व सुरकुतते. कलम म्हणजे औषध नव्हे. चांगला गुण हरवू न देण्याची ती युक्ती आहे.

6. दोन सावधगिऱ्या

पहिली: अव्होकाडोची पाने, साल व बी यांत परसिन नावाचे द्रव्य असते. ते शेळ्या, घोडे, ससे व पाळीव पक्षी यांना विषारी आहे. शेळीच्या कासेला सूज येऊन दूध आटते, हृदयालाही अपाय होतो. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात कदापि टाकू नयेत.

दुसरी: ज्यांच्या मूत्रपिंडाचा विकार वाढलेला आहे व डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी हे फळ विचारल्याशिवाय खाऊ नये.

7. मग करावे काय?

जामाची फळती बाग काढून अव्होकाडो लावू नये. एक 'अ' व एक 'ब' गटाचे कलम ढिगावर लावून चार वर्षे पाहावे. भोपाळच्या बाजूस इस्राएलहून आणलेल्या कलमांची लागवड झाली आहे, ती जाऊन बघावी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कूर्गमधील चेट्टळ्ळी केंद्राने 'अर्का सुप्रीम' व 'अर्का कूर्ग रवी' या जाती दिल्या आहेत, त्यांची माहिती मागवावी. रोप घेताना सांधा बोटाने चाचपून पाहावा, आणि पावतीवर जात व खुंट लिहून घ्यावा.

कलमाची कला मात्र आजच शिकावी. बांधावरच्या रायवळ आंब्यावर, रानबोरीवर ती लगेच उपयोगी पडेल. पेरूसाठीही लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने पाचर कलमाची रीत बसवून दिली आहे. त्या बंधूंनी आपली चाळीस रोपे फेकली नाहीत. ती जाड झाली म्हणजे खुंट म्हणून वापरू, असे ठरले आहे. खात्रीच्या झाडाची काडी मिळाली की आवारात सगळे मिळून कलमे बांधू. येताना प्रत्येकाने आपला चाकू घेऊन यावा, धार लावून.