पाण्याची नोंद

हिंगोली जिल्ह्यातील हट्ट्यासारख्या गावी विहिरीचे पाणी निर्मळ दिसले, तरी तेवढ्याने ते निर्धोक ठरत नाही. विषमज्वर, अतिसार पसरविणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेत तपासावे लागते. मात्र तपासणीचा कागद कार्यालयांतूनच फिरत राहिला, तर तोवर दूषित पाणी घरोघर प्यायले जाते. हा विलंब टळावा म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली जल जीवन मिशनमध्ये संगणकीय नोंदप्रणाली सुरू केली. नमुना कोठून व केव्हा घेतला, निकाल काय आला, हे तीत नोंदले जाते. पाणी दूषित आढळताच अधिकाऱ्यांना सूचना जाते. परंतु नमुना भलत्याच विहिरीचा असेल, तर नोंदही फसवी ठरते. संगणक निरोप पोहोचवितो; पाण्यात जंतुनाशक मिसळण्याचे काम मात्र गावच्या जलसुरक्षकालाच करावे लागते.