बारीक करणाऱ्या गोळ्यांची परीक्षा

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एका मुलीची आई मला भेटावयास शाळेंत आली. तिच्या पिशवींत प्लॅस्टिकचा एक हिरवा डबा होता व त्यावर पानाफळांचें सुरेख चित्र होतें. "सर, एवढें इंग्रजी वाचून सांगा. मुलीनें हट्ट धरला म्हणून घेतला, पण तिला द्यावा कीं देऊं नये, मनाची खात्री होत नाहीं," असें ती म्हणाली. डब्याची किंमत २,२०० रुपये होती, आणि ही बाई दोन घरीं स्वयंपाक करून संसार चालविते. मुलगी अंगानें थोडी भरलेली असल्यामुळें वर्गांतील कांहीं मुलें तिला नांवें ठेवीत, आणि दोन आठवडे ती मधल्या सुटीचा डबा न उघडतां घरीं परत नेत होती, हेंही मला त्या दिवशींच कळलें. वर्गशिक्षक या नात्यानें तें मला आधीं कळावयास हवें होतें.

त्या माउलीस मीं तेव्हां जें उत्तर दिलें तें घाईचें होतें. पुढें सवडीनें वाचून जें समजलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

डब्यावर मुख्य द्रव्याचें नांव 'गार्सिनिया कंबोजिया' असें होतें. नांव परदेशी वाटलें तरी झाड आपल्या शेजारचेंच आहे. केरळांत 'कुडमपुळी' म्हणून जी आंबट फळाची वाळविलेली साल माशांच्या कालवणांत घालतात, तीच ही. आपल्या कोकणांतील रातांबा, ज्याच्या सालीचीं आमसुलें होतात, तो याच कुळांतला, म्हणजे तिचा चुलतभाऊच म्हणावयाचा. दोहोंच्या सालींत हायड्रॉक्सिसिट्रिक नांवाचें आम्ल सांपडतें. शरीर पिष्ट व शर्करा यांपासून जेव्हां चरबी बनवितें, तेव्हां त्या कामीं लागणाऱ्या एका एंझाइमास हें आम्ल अडवितें. उंदरांना तें दिलें तेव्हां त्यांचें खाणें घटलें व वजनही कमी झालें. येथपर्यंत जाहिरातदारांचें म्हणणें खरें आहे. (सोलकढी पिऊन कोणी रोडावल्याचें मात्र आमच्या कोकणांतील आप्तांत ऐकिवांत नाहीं.)

परंतु उंदीर तो उंदीर. माणसाचें शरीर साधारण आहारावर असतां शर्करेपासून फारशी चरबी बनवीतच नाहीं. अंगावर चढते ती बहुतेक खाल्लेल्या तेलातुपांतून आलेली असते. तेव्हां जें दार मुळांतच अर्धवट मिटलेलें आहे, त्याला कुलूप लावून काय साधणार, अशी शंका येणें रास्त होतें. तिचा निकाल तर्कानें लागत नाहीं. परीक्षा घ्यावी लागते. ती कशी घेतात हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. लोकांच्या दोन तुकड्या पाडावयाच्या, त्याही चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, म्हणजे उत्साही लोक एकीकडे व आळशी दुसरीकडे असें होत नाहीं. एका तुकडीस खरी गोळी द्यावयाची, दुसरीस दिसण्यांत अगदीं तशीच पण औषध नसलेली पोकळ गोळी द्यावयाची. कोणास कोणती मिळाली हें घेणारास ठाऊक नसावें, व वजन करणारासही ठाऊक नसावें.

अशी परीक्षा न्यूयॉर्क येथें झाली व तिचा निकाल सन १९९८ मध्यें अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. १३५ स्थूल स्त्रीपुरुष, मुदत १२ आठवडे, आणि दोन्ही तुकड्यांना सारखाच मोजका आहार. शेवटीं वजनें केलीं तेव्हां गार्सिनिया घेणारांचें वजन सरासरी ३·२ किलो उतरलें होतें, आणि पोकळ गोळी घेणारांचें ४·१ किलो! हा फरक योगायोगानेंही पडूं शकेल इतका लहान होता, म्हणून गोळीनें उलट अपाय केला असें कोणी म्हणूं नये. गोळीनें कांहीं केलें नाहीं, एवढेंच यावरून निघतें.

या दोन आंकड्यांवर विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें, अशी माझी विनंती आहे. गार्सिनियाच्या तुकडींतील एखाद्या बाईनें शेजारणीस सांगितलें असतें, "बाई ग, या गोळ्यांनीं माझे तीन किलो उतरले," तर ती खोटें बोलली असती काय? मुळींच नाहीं. वजन खरोखर उतरलें होतें, गोळी खरोखर घेतली होती. फक्त गोळी न घेतां काय झालें असतें हें तिला ठाऊक नव्हतें, आणि तें कळावें म्हणूनच दुसरी तुकडी ठेविलेली असते. आपण ऐकतों त्या बहुतेक हकीकती प्रामाणिक माणसांच्या असतात, आणि म्हणूनच त्या अधिक फसव्या ठरतात. आमच्या हिरव्या डब्यावर तळाशीं मुंगीएवढ्या अक्षरांत छापलें होतें: मिताहार व नियमित व्यायाम यांजबरोबर घ्यावें.

दुसरी एक गोष्ट पाण्याची. माणसानें खाणें कमी केलें कीं यकृतांत व स्नायूंत सांठविलेली शर्करा प्रथम खर्च होते, व तिच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें ३ ग्रॅम पाणी बांधलेलें असतें तें बाहेर पडतें. म्हणून पहिल्या आठवड्यांत काटा झरझर खालीं येतो. 'बारीक होण्याचा चहा' म्हणून जो विकतात त्यांत पुष्कळदां सोनामुखी असते. तिनें शौचास होतें, पाणी जातें, काटा उतरतो. चरबी जागच्या जागीं राहते.

परीक्षा झाली असें छापून आलें म्हणजे झालें, असेंही नाहीं. भाजल्यावांचूनच्या हिरव्या कॉफीबियांच्या अर्कासंबंधीं सन २०१२ मध्यें एक निबंध निघाला. भारतांत अवघ्या १६ माणसांवर केलेल्या त्या प्रयोगाचा अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर मोठा गाजावाजा झाला. पुढें तेथील व्यापार आयोगानें चौकशी केली, तेव्हां वजनांचे आंकडे पुन्हां पुन्हां बदललेले व पोकळ गोळी कोणास दिली याचाही घोळ केलेला आढळला. सन २०१४ मध्यें निबंध मागें घेण्यांत आला. मागें घेतल्याची वार्ता जाहिरातीइतकी दूर पोंचत नाहीं.

कोणत्याच द्रव्यानें कांहींच होत नाहीं असें मात्र नव्हे. कॅफीननें शरीराचा ऊर्जाव्यय किंचित् वाढतो, पण सवय झाली कीं तोही ओसरतो. आणि जीं द्रव्यें खरोखर जोरानें काम करितात त्यांचा इतिहास भयंकर आहे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नांवाचें पिवळें रसायन वापरीत. तेथील कामगारांना ताप चढे, घामाच्या धारा लागत, ते रोडावत, व कांहीं दगावलेही. सन १९३३ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं तेंच द्रव्य लठ्ठपणावर दिलें, आणि वजन उतरलें! हजारों लोक तें घेऊं लागले. अन्नाची शक्ति शरीराच्या कामीं न येतां नुसत्या उष्णतेच्या रूपानें वायां जावी, अशी त्याची करणी आहे. मात्रा थोडी चढली कीं अंगाची भट्टी होते, व तिला उतारा नाहीं. कित्येक तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदु उत्पन्न झाले. सन १९३८ च्या नव्या कायद्यानंतर अमेरिकेंत त्याची विक्री बंद पडली. तरी आजही तें इंटरनेटवरून चोरून विकलें जातें, व त्यानें तरुण माणसें दगावल्याच्या नोंदी इंग्लंडांत झालेल्या आहेत.

जवळचें उदाहरण सिबुट्रामीनचें. भूक मारणारें हें औषध हृदयविकारी रोग्यांत झटक्याचा व पक्षाघाताचा धोका वाढवितें असें दिसून आल्यावर सन २०१० मध्यें युरोपांत व अमेरिकेंत तें बाजारांतून काढलें गेलें, व सन २०११ मध्यें भारतांत त्यावर बंदी आली. त्यानंतर 'शुद्ध वनस्पतिजन्य' असें लिहिलेल्या डब्यांतून हेंच औषध लपवून घातलेलें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनास वारंवार सांपडलें आहे. वनस्पतींतून आलें म्हणजे निर्धोक, हीही समजूत टाकावी. हिरव्या चहाचा पेला निराळा आणि त्याच्या अर्काची गोळी निराळी. अशा गोळ्यांनीं, तसेंच गार्सिनियाच्या गोळ्यांनींही, यकृत बिघडल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत.

मग सरकार हें विकूं कसें देतें? सन १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधींचा कायदा आहे, व ज्या रोगांवरील औषधांची जाहिरात करण्यास त्यानें मनाई केली त्यांच्या यादींत लठ्ठपणाचें नांव आहे. परंतु तो कायदा औषधांचा. खाद्यपदार्थ त्यांतून वगळले आहेत, आणि हे डबे 'पूरक आहार' म्हणून विकले जातात. त्यावरील परवान्याचा क्रमांक पाहून पुष्कळांस धीर येतो. तो क्रमांक उत्पादकास धंद्याचा परवाना आहे एवढेंच सांगतो. गोळीनें वजन उतरतें असा तो दाखला नव्हे. अलीकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारीं कांहीं इंजेक्शनें निघालीं आहेत, व त्यांनीं वजन चांगलेंच उतरतें हें मोठ्या परीक्षांत सिद्ध झालें आहे. तीं औषधें आहेत, त्यांचे त्रासही आहेत, आणि तीं कोणास द्यावयाचीं तें डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें.

आतां त्या मुलीविषयीं. आईबरोबर तिला दवाखान्यांत पाठविलें. डॉक्टरांनीं उंची व वजन घेऊन वयाच्या तक्त्याशीं ताडून पाहिलें, तों वजन मर्यादेंतच निघालें. चौदाव्या वर्षीं मुलींचें अंग भरतें तें वाढीचा भाग म्हणून, आणि त्या वयांत जेवण तोडलें तर हाडांस व रक्तास लागणारें द्रव्य कमी पडतें, असें त्यांनीं तिला समजावून सांगितलें. डब्याच्या मागील बाजूस आणखी एक ओळ होती, ती त्या मुलीनेंच भिंग घेऊन मला वाचून दाखविली: १८ वर्षांखालील व्यक्तींसाठीं नाहीं.

दुकानदारानें डबा परत घेतला नाहीं, कारण सील फोडलेलें होतें. २,२०० रुपये गेले ते गेलेच. तो डबा आतां विज्ञानाच्या कपाटांत तराजूशेजारीं ठेविला आहे, व सेंद्रिय आम्लें शिकवितांना मी तो बाहेर काढतों. मुलगी मधल्या सुटींत पुन्हां जेवूं लागली आहे. तिला नांवें ठेवणारांपैकीं दोघांशीं माझें बोलणें झालें. बाकीच्यांशीं अजून व्हावयाचें आहे.