सही कुणाची?

आईबाबांनो, ‘नीट’चा निकाल लागला की तुमच्यातले काही जण माझ्या शिवाजीनगरच्या ऑफिसात येतात. “डॉक्टर व्हायचं होतं तिला, आता लॉ म्हणतेय,” हे सांगताना आवाज पडलेला असतो. शेजारी ती मान खाली घालून बसलेली असते. मला तिच्यासाठी फार वाईट वाटतं.

माझ्या भाचीचं सांगते. ती अकरावीत असताना आबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सिस्टरनी कागद पुढे केला, “इथे आणि इथे सही करा.” ताई पेन उघडते तोच भाची म्हणाली, “आई, आबा शुद्धीवर आहेत ना? मग सही तू का करतेस?” तिने तो इंग्रजी कागद आबांना मराठीत समजावून सांगितला. ऑपरेशनच्या नावाचा रकाना चक्क कोरा होता. ताई संकोचली, पण मला तेव्हाच कळलं, ही पोर कुठे जाणार ते.

कारण नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. दिल्लीत तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईंचं गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढलं गेलं. जीव वाचवण्याची तातडी नसेल तर सज्ञान पेशंटच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती चालत नाही, असा निकाल 2008 साली लागला.

आरोग्याचा कायदा म्हणजे हुकलेल्या मेडिकलची भरपाई नव्हे हो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली आपल्या महाराष्ट्राने केला, 1994 साली केंद्राचा आला. तरी सोनोग्राफीचा गैरवापर चालूच होता. तेव्हा 2000 साली ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि कोर्टाच्या आदेशांनंतर सरकारी यंत्रणा हलली. असं काम करायला आरोग्य आणि कायदा दोन्ही कळणारी माणसं लागतात. तुमच्या मुलीचं बायोलॉजी वाया जात नाही. उद्या केसपेपर आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट वाचताना तेच कामाला येतं.

वाट सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन. राज्याची सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. पुण्यात 1924 पासूनचं आयएलएस आहे, सिंबायोसिस आहे. आधी पक्की वकील होऊ द्या, आरोग्याकडे मग वळता येतं. सुट्टीत तिला जिल्हा ग्राहक आयोगात नुसतं बसायला पाठवा. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे 1995 साली ठरलं, तेव्हापासून तिथे पेशंटही येतात. त्यांचं म्हणणं तिने ऐकावं, आणि डॉक्टरांचंही.

पैशाचं मात्र आजच बोला. सीनियरकडे सुरुवातीची वर्षं पुण्यातल्या कॉटबेसिसचं भाडं सुटेल इतकंही मिळेलच असं नाही. तेवढी तरतूद करून ठेवा, आणि मग दर दिवाळीला “आता किती मिळतात?” असं विचारू नका. त्या एका प्रश्नाने काळा कोट उतरवलेली मुलं मी पाहिली आहेत.

भाची आता लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा आबांची फाईल चाळताना त्या संमतीपत्राची प्रत सापडली. रकान्यात डॉक्टरांनी निळ्या शाईने लिहिलेलं ऑपरेशनचं नाव, आणि खाली आबांची थरथरती, पूर्ण नावाची सही.