लिलावातील घर आणि त्याचे खरे मोल

'लिलाव' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तो मूळचा परभाषेतील आहे याचे स्मरणही आपणांस राहत नाही. 'लेइलांव' या पोर्तुगीज शब्दापासून तो मराठीत रूढ झाला. गोमंतकात त्यालाच आपण पावणी म्हणतो. जत्रेत देवापुढील फळांची पावणी होते, तेव्हा भाविक मंडळी बाजारभावाहून कितीतरी अधिक रक्कम आनंदाने देतात. प्रस्तुत लेखात ज्या लिलावाचा विचार करावयाचा आहे, तो याच्या अगदी उलट होय. तेथे चांगले दोन मजली घर त्याला लागलेल्या विटांच्या किमतीहूनही कमी बोलीने विकले जाते. एवढे घर इतके स्वस्त का व्हावे आणि ते खरोखर स्वस्त असते काय, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांनी विचार करण्यासारखे आहेत.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मिशिगन राज्यातील डेट्रॉइट हे शहर. १९१३ साली हेन्री फोर्ड यांनी या शहरालगतच्या हायलँड पार्क येथील कारखान्यात मोटारी जोडण्याची सरकती साखळी सुरू केली आणि १९१४ साली कामगारांना दिवसाला ५ डॉलर देण्याचे जाहीर केले. कामाच्या ओढीने दूरदूरची माणसे येथे आली. त्यांच्यासाठी लाकडी सांगाड्याच्या व विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. पुढे कारखाने बाहेर गेले, पैसेवाली कुटुंबे उपनगरांत गेली, आणि २०२० च्या जनगणनेत अवघी ६,३९,१११ माणसे उरली. माणसे गेली, घरे मात्र जागच्या जागी राहिली. २०१३ साली तर खुद्द शहरालाच दिवाळे जाहीर करावे लागले.

ही ओसाड घरे सांभाळण्यासाठी तेथे २००८ साली 'लँड बँक' नावाची सार्वजनिक संस्था स्थापन झाली होती. २०१४ पासून तिने घरांचा लिलाव सुरू केला. बोली १,००० डॉलरपासून सुरू होई. शाळांतील शिक्षकांना किमतीत निम्मी सवलतही मिळू लागली. परंतु एक अट असे : घर घेणाऱ्याने सहा महिन्यांत ते नियमानुसार दुरुस्त करावे आणि त्यात कोणीतरी राहू लागावे. अट न पाळल्यास घर परत घेण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. बाल्टिमोर शहराने १९७३ पासून पडीक घरे एकेका डॉलरला दिली होती. इटलीतील सिसिली बेटावरील सांबूका या गावाने २०१९ साली एका युरोपासून बोली लावली. दोन्ही ठिकाणी दुरुस्तीची अट होतीच. तात्पर्य, विकणाऱ्याला खरोखर हवे होते ते पैसे नव्हेत, तर त्या घरात पुन्हा पेटणारा दिवा.

आता रिकाम्या घराचे काय होते ते पाहू. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. घर उबदार ठेवणारी भट्टी बंद पडली की, कडाक्याच्या हिवाळ्यात नळांतील पाणी गोठते आणि नळ फुटतात. तांब्याला मोडीच्या बाजारात चांगला भाव येत असल्याने चोरटे उरलेले नळ व विजेच्या तारा काढून नेतात. छपराला लहानसे भोक पडले तर त्यातून उतरणारे पाणी प्रथम वासे, मग तुळया आणि शेवटी खालची जमीन कुजवते. शिवाय तेथे घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली ती १९७८ साली. त्यापूर्वीच्या घरांच्या भिंतींवर तो विषारी रंग असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांस फार अपायकारक असते.

म्हणूनच जाणता माणूस दुरुस्तीचा क्रम कधी चुकवीत नाही. आधी पाया आणि छप्पर पाहावे. कारण वरून पाणी गळत असताना आतील कोणतेही काम टिकत नाही. त्यानंतर सांडपाण्याची वाट, नळ, वीज आणि भट्टी. ही कामे भिंतींच्या पोटातून जाणारी असल्याने गिलाव्यापूर्वीच ती उरकावी लागतात. खिडक्या, दारे, गिलावा ही पुढची पायरी, आणि रंग सर्वांत शेवटी. उतावळा माणूस नेमका रंगापासून प्रारंभ करतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहा. समजा, बोली १,००० डॉलरची झाली. छपराला १२,०००, नळ व सांडपाण्याला ९,०००, विजेला ८,०००, भट्टीला ७,०००, दारे-खिडक्यांना १०,००० आणि गिलावा व रंगाला ६,००० डॉलर लागले. एकूण खर्च ५३,००० डॉलर झाला. बोलीचा वाटा त्यात पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी! आता त्या आळीत दुरुस्त घराचा भाव ४०,००० डॉलरच असेल, तर कर्ज देण्यास कोणती बँक पुढे येईल? अशा घराला गाठीचा पैसा तरी लागतो, नाहीतर स्वतःचे हात. व्यापाराच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा ठरेल. ज्याला तेथे आयुष्य काढावयाचे आहे, त्याचा हिशेब मात्र निराळा असतो.

परंतु या घरांची आणखी एक बाजू आहे, ती जमाखर्चात मावत नाही. यांतील बहुतेक घरे कराच्या थकबाकीपायी मालकांकडून गेलेली होती. मिशिगनच्या कायद्यानुसार सुमारे तीन वर्षे घरपट्टी थकली की घर जप्त होऊन लिलावास निघते. २०१० ते २०१६ या काळात डेट्रॉइटने घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलरांची जादा आकारणी केली, असे तेथील एका वृत्तपत्राने २०२० साली दाखवून दिले. म्हणजे ज्यांची घरे गेली, त्यांतील कित्येकांच्या माथी मुळात न्याय्य नसलेला कर बसला होता. एकाला लाभलेले स्वस्त घर हे कधीकधी दुसऱ्याचे हिरावलेले घर असते. याचा अर्थ ते कोणी घेऊच नये असा नव्हे. ओसाड घर कुजत राहिल्याने कोणाचेच भले होत नाही, उलट शेजाऱ्यांची घरेही उतरणीला लागतात. मात्र घेणाऱ्याने त्या उंबऱ्याचा पूर्वेतिहास जाणून घ्यावा, आणि शासनाने घर विकण्यापूर्वी त्यातील माणूस तेथेच राहू शकेल काय, हे आधी पाहावे.

विद्यार्थी मित्रहो, डेट्रॉइट दूर आहे. परंतु कुलूप लावलेली घरे आपल्या वाड्यावाड्यांतही आहेत. कोणाची मुले परदेशी, तर कोणाच्या वाटण्या अपुऱ्या. तेथे जे काम बर्फ करतो, ते येथे पाऊस आणि वाळवी करतात. पावसाळ्यापूर्वी फुटके कौल बदलण्यास फारसा वेळ लागत नाही. ते तसेच राहिले तर काही पावसाळ्यांत आढे खाली येते. घराची किंमत लिलावात ठरत असेल. त्याचे मोल मात्र त्याची निगा राखणारा माणूसच ठरवतो.