वाइन द्राक्षाचा हंगाम : साखर चढेल, आम्ल सांभाळा

सोलापूर जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षाला साखर भरत नाही, अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. फेब्रुवारीचे ऊन ते काम चोख करते. इथे हातातून निसटते ते आम्ल. रात्री उबदार झाल्या की मण्यातले मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, रसाचा सामू वर जातो, वाइन सपक होते आणि टिकतही नाही. म्हणून गोडी छाटणीची तारीख ठरवताना माल कोणत्या हवेत पिकणार, हे आधी पाहा.

माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडी परिसरात फ्रातेली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. तिथे लावलेली सांजोवेझे ही मूळची इटलीतल्या टस्कनीची जात. तिकडे वेल हिवाळाभर सुप्त असते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा गार होत असताना येते. आपल्याकडे वेलीला तशी विश्रांती नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि काढणी नेमकी हवा तापू लागते तेव्हा. युरोपातले वेळापत्रक वाचून इथली बाग चालवता येत नाही, ती यामुळेच.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली छाटणी मला धोक्याची वाटते. परतीचा पाऊस पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत कधीही गाठतो. डाऊनी थेट घडावर येतो, घड जिरतात, गळ-कूज होते. उलट छाटणी नोव्हेंबरात ढकलली, तर थंडीमुळे फूट मागेपुढे होते आणि माल मार्चअखेरच्या उन्हात सापडतो. छाटणीपासून काढणीला जातीनुसार साधारण सव्वाशे ते दीडशे दिवस धरले, तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ बरा. लवकर पिकणाऱ्या पांढऱ्या जातींना तर मार्चचे ऊन लागूच देऊ नये.

घडांची संख्या मात्र त्याआधीच, उन्हाळ्यात ठरलेली असते. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो आणि त्याला लख्ख ऊन लागते. 2025 च्या मे महिन्यात पाऊस पडत राहिला, आभाळ हटेना आणि काडीची नुसती वाढ होत राहिली. असे वर्ष आले की गोडी छाटणीपूर्वी काडीतले डोळे तपासून घ्या आणि घड कितव्या डोळ्यावर आहे ते पाहूनच कात्री लावा.

डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसला तरी निर्धास्त राहू नका. भुरीला पान ओले व्हावे लागत नाही. गार, ढगाळ हवा आणि दाट कॅनॉपी तिला पुरते. पूर्वेकडची घडाजवळची पाने काढा, पश्चिमेची ठेवा. सकाळचे कोवळे ऊन घड वाळवते, दुपारचे मणी भाजते. काढणी जवळ आल्यावर गंधकाची फवारणी मात्र थांबवा. रसात उतरलेले गंधक आंबवताना कुजक्या अंड्यासारखा वास देते.

मण्यात पाणी उतरल्यावर ठिबकचे पाणी थोडे कमी करा, पण वेल कोमेजेल इतके तोडू नका. इथे खाण्याच्या द्राक्षाची सवय आड येते. वाइनला फुगवलेला मणी नको, लहान मणी आणि त्यामानाने जास्त साल हवी. गोडीसाठी शेवटी भरपूर पालाश सोडण्याची रीतही इथे नडते. जास्तीचा पालाश रसातले आम्ल मारतो आणि सामू वाढवतो.

जानेवारीअखेरपासून दर तीन-चार दिवसांनी ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले आणि टोकाचे मणी घेऊन रस काढा. नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका, वायनरीकडून सामू आणि आम्लही मोजून घ्या. लाल जातीला 22 ते 24 ब्रिक्स हे लक्ष्य ठीक, पण सामू भराभर चढू लागला तर अर्ध्या ब्रिक्ससाठी थांबण्यात अर्थ नाही.

अवकाळीचा इशारा असेल तर हाच नियम आणखी कडक पाळा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथल्या बागायतदारांना आठवत असेलच. पाऊस होऊनच गेला, तर शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ यांसारखे घट्ट घड आधी उतरवा, त्यांच्यात कूज आतून सुरू होते. सुटसुटीत घडाच्या लाल जाती निरोगी असतील आणि पुढे ऊन दिसत असेल, तर दोन-तीन दिवस थांबा. पातळ झालेला रस सावरतो. तोडणी पहाटे सुरू करा, कुजलेले मणी बागेतच काढून टाका, क्रेट सावलीत ठेवा आणि ऊन तापण्याआधी गाडी वायनरीत पोचवा.