थंडीत सिंक का तुंबतं?

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणी थंडीत फार हळू उतरतं. उन्हाळ्यात एवढा त्रास नसतो. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर घातलं की भरपूर फेस येतो, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. थंडीचा आणि तुंबण्याचा खरंच संबंध आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे, आणि अगदी थेट आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठतं. तूप आणि वनस्पती तूप तर त्याआधीच घट्ट व्हायला लागतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, आणि बऱ्याच इमारतींत सांडपाण्याची नळी बाहेरच्या भिंतीलगत, डक्टमधून खाली जाते. गरम पाण्याने कढईचं सुटलेलं तूप सिंकच्या जाळीतून जाताना पातळ असतं, पण थंड नळीला लागलं की कडेला धरतं. त्यावर चहाचा चोथा, भाताची शितं, फोडणीतली मोहरी आणि कणकेच्या हातांचं पाणी बसत जातं.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल, तर आणखी एक गोष्ट घडते. जड पाण्यातलं कॅल्शियम तळणाच्या तेलातल्या आम्लांशी जुळून पाण्यात न विरघळणारा चिकट साबण तयार होतो. हा थर उन्हाळ्यातही वितळत नाही. त्यामुळे मे महिन्यात पाणी भराभर उतरलं, म्हणजे नळी स्वच्छ झाली असं समजू नका. वाट थोडी मोकळी झालेली असते, एवढंच. दर हिवाळ्यात ती आधीपेक्षा अरुंद होते.

आता सोडा-व्हिनेगर. हा उपाय इतका लोकप्रिय आहे, म्हणून स्पष्ट सांगतो : तुपाच्या थरावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि मागे सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी उरतं. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो मोकळ्या वाटेने वर सिंकमध्ये येतो, खालच्या चिकट्याला ढकलत नाही. तुम्हाला दोन दिवस बरं वाटलं ते बहुधा नंतर ओतलेल्या गरम पाण्यामुळे.

त्यापेक्षा धुण्याचा सोडा घ्या, व्हिनेगरशिवाय. दोन-तीन चमचे सोडा बादलीभर गरम पाण्यात विरघळवून रात्री भांडी झाल्यावर एकदम ओता. आठवड्यातून एकदा पुरे. पाणी हात पोळेल इतकं गरम असावं, पण उकळतं नको; पीव्हीसीची नळी आणि रबरी वॉशर त्याने मऊ पडतात. मात्र जुना थर याने निघणार नाही. त्यासाठी सिंकखालचा बॉटल ट्रॅप उघडावा लागतो. खाली बादली ठेवा, वाटी हाताने फिरवून काढा, जुन्या ब्रशने घासा आणि परत बसवा. लवचिक, वळ्यांची नळी असेल तर तिच्या प्रत्येक वळीत तूप साठतं. ती सरळ बदलून टाका आणि नवी नळी झोळीसारखी लोंबू देऊ नका. ट्रॅप मात्र कायमचा काढू नये. त्यात साठलेलं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं.

सगळ्यात उपयोगी गोष्ट सर्वांत सोपी आहे : तुपाची कढई घासण्याआधी जुन्या कागदाने पुसून घ्या आणि तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका.

दारावर मिळणारं ॲसिड यासाठी वापरूच नका. ते तूप विरघळवत नाही, उलट स्टीलचं सिंक आणि सिमेंटचे सांधे खातं. ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोडा चरबी कापतो हे खरं, पण पूर्ण तुंबलेल्या नळीत तो तसाच साचून राहतो. मग प्लंबर ट्रॅप उघडतो आणि ते पाणी त्याच्या हातावर, डोळ्यांत उडतं. तुम्ही नळीत काहीही टाकलं असेल, तर त्याने पान्याला हात लावण्याआधी त्याला सांगा.

आणि तुम्ही नळ सोडलेला नसतानाही सिंकमध्ये खालून पाणी वर येत असेल, तर दोष तुमच्या ट्रॅपमध्ये नाही. मजल्यांची सामायिक नळी तुंबली आहे आणि ती साफ करून घेणं सोसायटीचं काम आहे.