जबाबदारीची पहिली पावले

आई केर काढू लागली की दीड वर्षाचे मूलही दुसरी केरसुणी ओढीत आणते. केर निघण्याऐवजी पसरतो, आणि आई मुलाला बाजूला सारते. जबाबदारी पुढे शाळेत शिकवली जाईल, असे आईबापांस वाटते. वस्तुतः तिचा आरंभ याच वेळी होत असतो.

जर्मनीतील लाइपझिग येथील मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वार्नेकन व मायकेल टोमासेलो यांनी अठरा महिन्यांच्या 24 मुलांवर केलेले प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाले. कपडे वाळत घालताना प्रयोगकर्त्याच्या हातून चिमटा पडे व तेथवर त्याचा हात पोचत नसे. कधी मासिकांच्या गठ्ठ्याने दोन्ही हात गुंतल्यामुळे त्याला कपाट उघडता येत नसे. कोणी न विनविता 22 मुलांनी निदान एका प्रसंगी मदत केली. चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र मुले तो सहसा उचलून देत नसत!

2008 साली याच दोघांनी दाखविले की, मदतीबद्दल खेळण्याची वस्तू मिळालेली वीस महिन्यांची मुले पुढे कमी मदत करतात. नुसती शाबासकी मिळालेल्यांत तशी घट आढळली नाही.

तेव्हा ताट उचलल्याबद्दल खाऊ देणाऱ्या पालकांनी जपून असावे. शेंगा सोलणे, रुमालांच्या घड्या घालणे ही कामे मुलाकडे खरोखरच सोपवावीत. घडी वाकडी झाली, तरी ती त्याच्यादेखत मोडू नये. मोठ्यांना हे जड जाते खरे. तांब्यातील पाणी सांडले, तर पुसण्याचे फडके न रागावता त्याच्याच हाती द्यावे.